माजघरातला कापूस

2021-22 च्या हंगामात कापूस क्विंटलमागे दहा हजारांवर गेला आणि आमच्या भागातल्या घरांची मांडणीच बदलली. पुढच्या हंगामात आठ हजारांचा भाव मिळत असूनही कोणी विकायला तयार होईना. "थांबा, चढंल," म्हणत मामाजींनी वेचणीचा माल माजघरात ओतायला लावला. आधी एक कोपरा, मग अर्धी खोली, मग छतापर्यंत ढीग. कपाट त्यामागे गाडलं गेलं. पोरांची पुस्तकं ओसरीवर आली, पाहुण्याची खाट अंगणात गेली. घर आवरण्याचे सल्ले देणाऱ्यांना पसारा म्हटलं की जुन्या साड्या आणि रिकामे डबे दिसतात. हिंगणघाट, देवळी, सेलूकडच्या पसाऱ्याला बाजारभाव असतो, म्हणून तो हलवा म्हणायची कोणाची छाती होत नाही. सेवाग्रामला बापू कुटीची मोकळी जमीन पाहून लोक हरखतात. मीही हरखते, पण बापूंना भावाची वाट पाहत कापूस साठवायचा नव्हता.

ऊन तापलं तशी खाज सुटली. कापसातले ढेकूण अंथरुणापर्यंत येत. धाकट्याच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हा डॉक्टरांनी मलम लिहिण्याआधी विचारलं, "घरात कापूस आहे का?" मे 2023 पर्यंत भाव सात हजारांच्या आसपास उतरला. माल सुकून वजन घटलं, वरचा थर पिवळा पडला, त्याचे पैसे वेगळे कापले गेले.

भावासाठी थांबूच नका, असं मी कोणत्या तोंडाने सांगू? त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 6,380 रुपये होता आणि लागवडीचा खर्च आपल्याला पाठ आहे. पण थांबायचंच तर सगळा माल अडवून धरू नका. कवडी आणि फरदड आली तशी विकून टाका. जागा तीच खाते आणि भावही तिलाच कमी. चांगला माल अंगणात वाळवूनच आत घ्या. सीसीआयच्या खरेदीत 8 टक्के ओलावा धरतात, 12 च्या वर गेला तर माल परत येतो. शिवाय ओला ढीग आतून तापतो.

जागा झोपण्याची नको, स्वयंपाकाची तर नकोच. गोठ्याजवळची खोली किंवा कोरडं शेड असेल तर तिथे ताडपत्रीवर ढीग घाला. ढिगाच्या वर दिवा, मीटर, उघडी वायर नको, आणि देवघर त्याच खोलीत असेल तर निरांजन बाहेर लावा. देव रागावत नाही. गठ्ठे सुती कापडात बांधा. प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे कापसात गेले की जिनिंगवाला नाक मुरडतो. नव्या पेरणीआधी मात्र भाव असो वा नसो, घर रिकामं करा, पऱ्हाटीचे ढीगही मोडा. गुलाबी बोंडअळी त्यातच दबा धरून बसते.

कापूस उचलला तेव्हा मागे दोन वस्तू सापडल्या: फवारणीचा पंप आणि कीटकनाशकाच्या अर्ध्या बाटल्या, पोरांच्या हाताला येतील अशा. या गोष्टीत भावाची सबब चालत नाही. औषधं घराबाहेर, कुलपाच्या पेटीत, मूळ बाटलीतच ठेवा. रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल भरू नका. ते धुऊन, भोकं पाडून मगच टाका.