शेडमध्ये पोटमाळा घालताय? आधी वजनाचा हिशोब करा



शेडची उंची १२ फूट असते, पण माल जेमतेम ५-६ फुटांपर्यंतच लागतो. वरची जागा मोकळीच. म्हणून बरेच सभासद लोखंडी भोकांच्या अँगलचा, नट-बोल्टवर जोडायचा हलका पोटमाळा करायचं विचारतायत. कल्पना चांगली. वेल्डिंग नाही, भिंत फोडायची नाही, उद्या शेड बदललं तर खोलून नेता येतो. पण "हलका" हा शब्द लक्षात ठेवा.

समजा, माळा १० बाय ८ फुटांचा केला. सोयाबीनचं ५० किलोचं पोतं आडवं टाकलं की साधारण ३ बाय २ फूट जागा धरतं. म्हणजे एका थरात १३ पोती, ६५० किलो. तीन थर लावले की जवळपास २ टन! माळ्याला सहा पाय असतील तर मधल्या दोन पायांवरच निम्मा भार येतो, प्रत्येकी साधारण ५०० किलो. खाली मुरमाची जमीन असेल तर अँगलचा पाय सुरीसारखा आत घुसतो, माळा एका अंगाला कलतो आणि मग पोती खाली. खाली कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

त्यामानाने रिकामं क्रेट दीड-दोन किलोचं. शंभर क्रेट वर चढवले तरी २०० किलोच्या आतच.

म्हणून वर काय? रिकामे क्रेट, बारदान, गुंडाळलेल्या ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर. खतं आणि धान्याची पोती खालीच, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. औषधं वर नकोतच. बाटली गळली तर थेट खालच्या धान्यावर.

जोडताना प्रत्येक पायाखाली ६ बाय ६ इंचाची लोखंडी प्लेट आणि तिच्याखाली काँक्रीट हवं. दोन पायांमध्ये तिरपा अँगल मारायचाच. कारागीर बहुतेक वेळा हाच वाचवतो, आणि तो नसेल तर चांगला जाड माळासुद्धा झुलतो. वरच्या बाजूला तीन फुटी कठडा आणि शिडी बोल्टने पक्की. माळा ७ फुटांवर घ्या, पोतं डोक्यावर घेतलेला माणूस वाकून जाणार नाही. वायर आणि बल्ब आधी बाजूला घ्या.

तयार झाल्यावर १० फुटी आडव्या अँगलच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधा, मग माल चढवा. मध्ये अँगल दोरीपासून अर्ध्या इंचापेक्षा जास्त खाली गेला तर माल उतरवा आणि मधे आणखी एक पाय द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरचं सोयाबीन बियाणं माळ्यावर ठेवू नका. उन्हाळ्यात पत्र्याखाली भट्टी असते, त्यात उगवण घटते. शिवाय सोयाबीनचं साल नाजूक, पोतं वरून टाकलं की दाणा आतून फुटतो, बाहेरून दिसत नाही. आधीच वर ठेवलं असेल तर दोघांनी धरून आजच खाली उतरवा. मग १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने मोजा. ७० पेक्षा कमी उगवले तर पेरणीआधी केंद्रावर येऊन सांगा.