पाणथरीतला शेजार

आलापल्ली म्हटलं की तुम्हाला सागवान आठवतं. मला आठवतात पोरांच्या डाव्या बरगडीखाली बोटं दाबून पाहणारे डॉक्टर. पाणथरी (म्हणजे प्लीहा) किती मुलांची वाढलीय, यावरून गावात हिवताप किती मुरलाय याचा अंदाज घ्यायची पद्धत जुनी आहे. माझ्या मामेभावाला तर सिकलसेल. त्याच्या पाणथरीवर मामीचं सारखं लक्ष.

पाणथरीत रक्त गाळलं जातं. तांबडी पेशी एरवी 120 दिवस जगते, सिकलसेलमध्ये जेमतेम 10 ते 20. अशा संपलेल्या पेशी गिळून त्यांतलं लोह परत रक्ताला देण्याचं काम तिथल्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी करतात. शाळेत आपण यांना शरीराचे शिपाई म्हणून पाठ केलं. पण शिपायाची बदली होते, या मात्र तिथंच मुक्काम ठोकतात. मग त्यांची मेस कोण चालवतं?

शेजारी! पाणथरीचा सांगाडा धरणाऱ्या तंतुपेशी सीएसएफ-1 नावाचं प्रथिन सोडतात, त्यावर भक्षक पेशी टिकून राहतात. 2020 साली उंदरांत हा पुरवठा बंद पाडून पाहिला, तर भक्षक पेशी घटल्या. गंमत म्हणजे कामही त्यांना घडवतं. गिळलेल्या तांबड्या पेशीतलं हीम साचलं की आतलं स्पाय-सी हे जनुक चालू होतं, आणि साधी पेशी लोह हाताळण्यात तरबेज होते.

यकृतातला प्रयोग मला जास्त आवडला. 2019 मध्ये उंदरांच्या यकृतातल्या भक्षक पेशी (यांना कुप्फर पेशी म्हणतात) मुद्दाम मारल्या. शेजारच्या पेशींनी रक्तातून नवख्या पेशी बोलावून घेतल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांना यकृताचं वळण लावलं. फर्स्ट इयरच्या पोराला आपली विंग लावते तसंच! फरक एवढाच, की इथं रॅगिंग नाही.

पण शेजारच उजाडला तर? सिकलसेलमध्ये वाकड्या पेशी पाणथरीच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. वारंवार असं झालं की तिथं व्रण होतात, ती आक्रसते. मग भक्षक पेशींना राहायला जागाच उरत नाही, आणि न्यूमोकॉकससारखा जंतू काही तासांत जिवावर उठतो. म्हणून लहानपणी पेनिसिलीन आणि लस.

उलटंही होतं. कधी रक्त पाणथरीतच अडकून ती एकाएकी फुगते. नर्सबाईंनी मामीला चाचपायला शिकवलंय. पोरगं पांढरं पडलं आणि हाताला पाणथरी मोठी लागली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना.