लेकराची झोप आणि लेकराचा वांडपणा



ऊस खात्याचा माणूस झोपेवर लिहितो म्हणजे हसू येईल. पण मोताळा भागात रात्रीच्या लाईटवर पाणी धरणारे घर असो की पहाटे उठणारी तोडणीची टोळी, दोन्हीकडे लेकरांची झोप मोडते आणि आपण म्हणतो, "पोरगं वांड निघालं."

उसाला पाण्याचा ताण पडला की पान गुंडाळते, लांबूनच कळते. लेकराला झोपेचा ताण पडला तर उलटेच दिसते. मोठा माणूस पेंगतो. लहान मूल मात्र जास्तच उड्या मारते, चिडते, मारामारी करते, वर्गात लक्ष देत नाही. रागाला लगाम घालणारा मेंदूचा भाग झोपेविना नीट काम करीत नाही. अशा पोराला मार देऊन काय होणार? ते रडत उशिरा झोपते आणि दुसऱ्या दिवशी आणखी बिघडते.

अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितलेले माप असे: ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्याला ९ ते १२ तास. सकाळी सहाला उठायचे तर रात्री नऊला डोळा लागलाच पाहिजे. मोबाईल हातात असेल तर कसा लागेल? डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी हाच विषय काढला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला.

गोष्ट एकाच बाजूची नाही. काही मुले मुळातच अतिचंचल किंवा भित्री असतात, त्यांना झोपच लवकर येत नाही. तिथे झोपेला दोष देऊन भागत नाही. आणि लेकरू रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर ते "गाढ झोपलंय" असे समजू नका. टॉन्सिल वाढले असतील तर श्वास अडून झोप पुन्हा पुन्हा मोडते. अंगात लोह कमी असले तरी रात्री पाय वळवळतात. बुलढाण्याला जिल्हा रुग्णालयात दाखवा.

टोळीतली लेकरे कोपीवर सांभाळायला कोणी नसते, म्हणून गाडी भरताना झोपेतून उठवून फडात नेली जातात. आपल्या फडावर टोळी असेल तर मुकादमाला आधीच सांगा, एखादी म्हातारी कोपीवर राहू द्या. तिच्या जेवणाचे आपण बघू.