कागदावर तुझंही नाव असू दे

नामिबिया, बोत्स्वाना आणि पुढे व्हिक्टोरिया धबधबा, सगळं स्वतःच्या हाताने गाडी चालवत आणि गाडीच्या टपावरच्या तंबूत झोपत! ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कामोठ्यातल्या निम्म्या नातेवाइकांना तुम्ही दोघं नवरा-बायको वेडी वाटत असाल. वाटू दे. पण तू जेव्हा म्हणालीस, ‘ताई, गाडी तोच चालवणार, मी नकाशा बघेन आणि खाण्यापिण्याचं बघेन,’ तेव्हा मात्र मला गप्प बसवेना. म्हणून हे सगळं.

अगं, हा देश केवढा आहे ते आधी बघ. नामिबिया महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि लोकवस्ती जेमतेम तीस लाख. पेट्रोलपंप, दुकान, माणूस, काहीच दिसत नाही असे तासच्या तास जातात. एकच माणूस चालवणार असेल आणि त्यालाच ताप आला, पाठ धरली, तर? तिथे ‘थांब, दादाला बोलावते’ चालत नाही. शिवाय भाड्याच्या गाडीच्या करारात चालक म्हणून ज्याचं नाव, त्यालाच विम्याचं संरक्षण. नाव नसताना तू स्टिअरिंगला हात लावलास आणि गाडी घसरली, तर खर्च तुमच्या अंगावर. दुसऱ्या चालकासाठी थोडे जास्त पैसे मागितले तर देऊन टाका. तिथे काटकसर नको.

तर पहिलं काम आपल्या पनवेल आरटीओचं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना दोघांच्याही नावाने काढा. फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. रस्त्याच्या बाजूची काळजी करू नकोस, दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, झिंबाब्वे, झांबिया, सगळीकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. गाडी सरहद्दीपार न्यायची असेल तर भाड्याने देणाऱ्याकडून तसं पत्र लेखी घ्यायचं आणि त्यावरही दोघांची नावं आहेत ना, ते वाचून बघायचं. क्रेडिट कार्डही एकट्या त्याच्याच खिशात नको.

दुसरं म्हणजे रस्ता. सायन-पनवेल हायवेवर हात बसलाय म्हणून खडीच्या रस्त्यावर बसेलच असं नाही. तिकडचे बरेच रस्ते खडीचे. सरळ दिसतात, म्हणून वेग वाढतो आणि गाडी उलटते. ताशी ऐंशीच्या आत राहा. वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करायची, बाहेर आल्यावर परत भरायची, म्हणून हवा भरायचा पंप गाडीत हवाच. नामिबियातल्या सेस्रिमच्या फाटकापासून सोसुस्फ्लेईच्या लाल टेकड्यांकडे साठ किलोमीटर डांबरी रस्ता आहे, पण शेवटचे पाच किलोमीटर खोल वाळू. तिथे फोर-बाय-फोरच लागते. आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही म्हणजे नाही, मोठाली जनावरं सरळ रस्त्यावर येतात. चाक बदलायला इथेच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिक. नवरा बघत उभा राहू दे, हात तुझे.

तिसरी गोष्ट चारचौघांत कुणी सांगत नाही. बोत्स्वानात चोबे आणि मोरेमीच्या रानातल्या तळांना कुंपण नसतं. रात्री तरस येतं, हत्ती तंबूच्या शेजारून जातो, सिंहही फिरकतो. अशा वेळी लघवीला खाली उतरायचं नाही. झाकणाचा डबा वर घेऊन झोप आणि त्यात लाजू नकोस. पाळीचं सामान इथूनच भरपूर ने, वापरलेलं सगळं घट्ट बांधून परत आण, रानात पुरू नकोस. संत्री-मोसंबी जवळ ठेवायची नाहीत, हत्तीला त्यांचा वास लांबून येतो. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा, उत्तर नामिबिया आणि ओकावांगोच्या भागात मलेरिया आहे. मे ते ऑक्टोबर तिकडे कोरडा काळ, जनावरं पाणवठ्यावर जमतात, म्हणून तेव्हाच जा. पण जून-जुलैत वाळवंटातली रात्र हाडं गोठवते, तेव्हा आपल्या पावसाळ्यात निघताना स्वेटर बॅगेत टाकायला विसरू नकोस.

आता स्वयंपाक. मेतकूट, भाजणी, कोकम, गोडा मसाला न्या, पण विमानतळावर विचारलं तर खरं सांगा. वाटेत चौक्या लागतात, तिथे कच्चं मांस काढून घेतात. कारण लाळ्या-खुरकूत. आपल्या गावाकडच्या गोठ्यांना जो रोग घाबरवतो, त्याच्यासाठी तिथे लांबच लांब कुंपण घातलंय. उत्तर नामिबियात लोक रोज बाजरी खातात, तिला ‘महांगू’ म्हणतात, तेव्हा भाकरीसाठी जीव टांगून ठेवू नकोस, बाजारात पीठ बघ. पण ही भाकरी थापायचं काम रोज तुझंच, असं मुळीच नको. एक दिवस चूल त्याची आणि स्टिअरिंग तुझं, दुसऱ्या दिवशी उलट. सासूबाईंना आवडेल की नाही हा प्रश्न तिकडे नामिबियात, विंडहुकमध्ये पडत नाही.

भांडणं होतील. टपावरच्या तंबूत रुसून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही. म्हणून एक नियम इथेच ठरवा: दोघांपैकी कुणीही ‘परत फिरू’ म्हटलं तर वाद न घालता फिरायचं. चालवणारा वेग ठरवेल, शेजारचा थांबा ठरवेल. आणि जाण्याआधी एकदा आपल्याच गाडीने, चार-पाच रात्री तंबूत झोपत, कोकणात उतरून बघा. जे जमत नाही ते तिथेच कळेल, आणि घर जवळ असेल.

‘बाईने एवढं लांब?’ असं कुणी विचारलं तर आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या महाडचं नाव घे. महाडची सून भारुलता पटेल-कांबळे २०१६ साली इंग्लंडमधल्या लुटनहून निघाली आणि बत्तीस देशांतून स्वतः गाडी चालवत महाडला पोहोचली. तिच्या बाजूला नवरा बसलेला नव्हता.

तुझ्या बाजूला तो असेल आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच्या बाजूला तू नुसती बसून राहू नकोस. या आठवड्यात परवान्याचा अर्ज भर. दोघांचे अर्ज एकाच दिवशी जाऊ देत.