‘अनुभव आहे का?’



दहावी-बारावीची परीक्षा आटोपून सुट्टीत काम शोधायला गेलात की दुकानदार पहिला प्रश्न हाच करतो. मत्तयच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक मात्र तो विचारत नाही. दिवस कलल्यावरही जे बाजारात उभे दिसतात, त्यांना तो कामावर घेतो. ते तिथे उभे होते, हे लक्षात घ्या. घरून नुसते फोन करू नका. सकाळी गिऱ्हाईक कमी असताना स्वतः जा.

अनुभव नाही म्हणून गप्पही राहू नका. वेदीसेवक म्हणून पहाटेच्या मिस्साला वेळेवर येता, आजीबरोबर भाजी विकताना हिशेब ठेवलात, ते सांगा.

त्याच मालकाने पहाटेच्या मजुरांशी दिवसाचा एक दिनार आधीच ठरवला होता. तुम्हीही पगार, वेळ आणि सुट्टीचा वार आधी विचारा. त्यात उद्धटपणा नाही. (‘शिकायला मिळतंय ना!’ म्हणून फुकट राबवणारेही असतात.) काम माणसासाठी आहे, हे पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी 1981च्या परिपत्रकात मांडले आहेच.

पालकांनो, 14 वर्षांखालील मुलाला नोकरीला ठेवणे गुन्हा आहे. 18 वर्षांपर्यंत धोक्याची कामेही चालत नाहीत.

आणि धर्मग्रामातील दुकानदारांनो, ह्या मे महिन्यात एखाद्या नवख्याला ठेवून पाहा. पहिले चार दिवस सुटे पैसे देताना तो गोंधळेल.