नळाला पाणी सकाळीच येतं

सूनबाई, परवा एका साखरपुड्याच्या पंगतीत तू हनुवटीखाली हात धरून जेवत होतीस. बाकीच्यांना वाटलं, पोरगी कसल्यातरी विचारात आहे. मला कळलं, जबडा दमलाय. मीही कितीतरी वर्षं तशीच जेवतेय. नंतर तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या धाकट्या जाऊबाईंनी, मला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "सकाळी चांगली तुरुतुरु कामं करते हो, संध्याकाळ झाली की बरोब्बर हिला थकवा येतो." मी त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही. रात्रीचे नऊ वाजले होते, आणि नवानंतर माझं बोलणं नाकातून यायला लागतं. तशा आवाजात भांडायला मजा येत नाही. आता सकाळ आहे, गोळी घेऊन पाऊण तास झालाय, हात चालतोय. म्हणून लिहिते.

मायस्थेनिया ग्रेव्हिस हे नाव तुला तीन आठवड्यांपूर्वी कळलं, मला १९९४ साली. एकाच घराण्यात आपण दोघी, तेही रक्ताचं नातं नसताना! गल्लीत म्हणतील, त्या घरचं पाणीच बाधतं. म्हणू देत. हा आजार पाण्यातून लागत नाही, उष्ट्यातून लागत नाही, कुणाच्या नजरेनंही लागत नाही.

माझं कसं कळलं ते ऐक. मी शाळेत भूगोल शिकवायचे. पहिल्या तासाला आवाज खणखणीत, चौथ्या तासाला गेंगाणा. मागच्या बाकावरची पोरं माझी नक्कल करायची, आणि खरं सांगते, हुबेहूब करायची. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढायला घेतला की कोकण, देश नीट यायचा. विदर्भापर्यंत पोचेतो हात आपसूक खाली. वर्षभरात तीनदा चष्मा बदलला. एका डॉक्टरांनी "मनाला फार लावून घेता" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. (त्या गोळ्यांचं पुढं सांगते.) शेवटी मिरजेला एका मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी काय केलं, तर छताकडं बोट दाखवून म्हणाले, "वर बघा, बघत राहा." मिनिटभरात डावी पापणी दुकानाच्या शटरसारखी खाली आली. दोन वर्षं जे कुणाला दिसलं नव्हतं ते एका मिनिटात दिसलं. रक्ततपासणी आणि नसांची तपासणी नंतर झाली, पण माझा विश्वास त्या छतावरच बसला.

आत काय चालतं ते एकदा समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आपली नस धड आहे, स्नायूही धड आहे. घोळ आहे तो दोघांच्या मधल्या उंबऱ्यावर. नस स्नायूला "हल" असा निरोप धाडते तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या हाती. स्नायूवर तो निरोप आत घेणारी दारं असतात. शरीराची राखण करणारी आपलीच प्रथिनं चुकून त्या दारांना शत्रू समजतात, ती बुजवतात, मोडतात. पहिले काही निरोप उरलेल्या दारांतून आत जातात. तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडला की रसायन कमी कमी सुटतं आणि मग ते पुरत नाही. म्हणून तुझी पहिली पोळी गोल, दहावी वेडीवाकडी, आणि अर्धा तास टेकलीस की अकरावी पुन्हा गोल. बघणाऱ्याला ते नाटक वाटतं. पण करून दमणं आणि टेकून परत येणं, हीच तर या आजाराची खूण.

तर पहिलं सांगणं हे. नळाला सकाळी तासभर पाणी येतं तेव्हा आपण काय करतो? आधी पिण्याचं भरतो, मग स्वयंपाकाचं, धुण्याचं शेवटी. शेजारणीला दिसावं म्हणून कुणी आधी अंगणात सडा घालत बसत नाही. तू नेमकं तेच करतेस. "मी आळशी नाही" हे दाखवायला सकाळी सगळ्या घराचा केर काढतेस, जिना पुसतेस आणि रात्री घास गिळायला ताकद उरत नाही. गिळणं, बोलणं, श्वास हे पिण्याचं पाणी. जिना हे धुण्याचं पाणी. एवढं लक्षात ठेवलंस तर बाकीचं मी न सांगताही जमेल.

मी स्वतः हे केलं होतं, आणि ते महागात पडलं. आजार कळून दुसरंच वर्ष, गौरीजेवण. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आणि मला सासरच्या बायकांना दाखवायचं होतं की मी अजून कुणाला हार गेलेली नाही. त्यात तीन दिवस खोकला-ताप. औषधाच्या दुकानातून विचारून एक जंतुनाशक गोळी आणली होती. दुकानदाराला दोष देत नाही, मी त्याला आजार सांगितलाच नव्हता. गौरी गेल्या त्या दिवशी चहा प्यायले तर तो नाकातून बाहेर आला. संध्याकाळी मान उचलेना. रात्री श्वास वरचेवर. पुढचे नऊ दिवस नळी घालून यंत्रावर होते. जंतुसंसर्ग, श्रम आणि चुकीचं औषध, तिन्ही एकदम. पहिल्या दोन-तीन वर्षांत असं व्हायचा धोका जास्त असतो, म्हणून तुला घाबरवतेय. थोडी घाबर.

अशा बाधणाऱ्या औषधांची यादी आता फ्रीजला चिकटव आणि पर्समध्येही ठेव. लोक जुलाबावर स्वतःच्या मनानं घेतात ती नॉरफ्लॉक्सासिन, आणि तिच्या भावकीतली सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन. घसा दुखला की सरसकट दिली जाणारी अ‍ॅझिथ्रोमायसिन. जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिनची इंजेक्शनं. मलेरियावरचं क्विनाइन. रक्तदाबाच्या, नावाच्या शेवटी "लोल" येणाऱ्या गोळ्या, आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंबसुद्धा. थेंब डोळ्यात टाकतात म्हणून ते डोळ्यातच राहतात असं समजू नकोस. शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम. झोपेच्या गोळ्या, कारण त्या श्वास मंद करतात. सुरकुत्या घालवायची बोटॉक्सची सुईसुद्धा नाही. तुला अजून गरज नाही, पण लग्नसराईत पार्लरवाल्या काय सुचवतील नेम नाही. यातलं एखादं कधीतरी द्यावंच लागतं. ते डॉक्टरांनी आपला आजार माहीत असताना, नजरेखाली ठेवून द्यावं. दाताच्या डॉक्टरकडं गेलीस तरी खुर्चीत बसायच्या आधी सांग.

सांगताना नाव कुणाला उच्चारता येत नाही, समजत तर नाहीच. मी सरळ म्हणते, "अमिताभला झाला होता तो." १९८४च्या सुमारास त्याला हाच आजार निघाला होता, आणि तो अजून काम करतोय. रिसेप्शनवरच्या मुलीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचा चेहरा लगेच बदलतो. नातेवाइकांवर तर रामबाण.

आता श्वासाचं. रोज सकाळी एकाच वेळी पोटभर श्वास घे आणि तो न तोडता मोठ्यानं एक, दोन, तीन मोजत जा. धडधाकट माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. तुझा रोजचा आकडा कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी लिही. तो उतरायला लागला तर डॉक्टरांना फोन. विसाच्या आसपास आला, किंवा उताणं झोपल्यावर गुदमरायला लागलं, की फोन नाही, थेट दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी. करोनानंतर घरोघरी बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र आलंय. त्यावर विसंबू नकोस. आपल्या आजारात छातीचे स्नायू थकत जातात तरी ते यंत्र बराच वेळ ९८ दाखवत राहतं, आणि आकडा पडतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुझा नवरा इंजिनिअर आहे, त्याला यंत्रावर फार भरवसा. हे त्याला वाचून दाखव.

गोळीचं घड्याळ. पायरिडोस्टिग्मिन पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं काम सुरू करते आणि तीन-चार तासांत ओसरते. ती बुजलेली दारं उघडत नाही. निरोप्याला दारात जरा जास्त वेळ उभं राहू देते, इतकंच. म्हणून बाराला जेवायचं तर सव्वाअकराला गोळी. जेवून गोळी घेणं म्हणजे पाहुणे गेल्यावर चहा टाकणं. रिकाम्या पोटी पोटात कळ आली तर सोबत एखादं बिस्किट. आणि बरं वाटत नाही म्हणून आपल्या मनानं वाढवायची नाही: जास्त झाली तर लाळ सुटते, जुलाब होतात, स्नायू फडफडतात आणि अशक्तपणा उलट वाढतो. या औषधाची वाट एका बाईनं दाखवली हे मला फार आवडतं. १९३४ साली लंडनमधल्या ग्रीनिचच्या रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं की हा आजार क्युरारे नावाच्या विषाच्या बाधेसारखा दिसतो. मग त्या विषावरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, त्यांनी टोचून पाहिला आणि रुग्णाची पडलेली पापणी वर उठली. आपली गोळी त्याच उताऱ्याच्या कुळातली.

दिवसाचं मोठं जेवण सकाळी घे, रात्री मऊ. आपल्याकडं भाकरीशिवाय जेवण नाही, पण रात्रीची भाकरी चावेपर्यंत जबडा संपावर जातो. दुधात कुस्करून घे किंवा मुगाची खिचडी तूप घालून. सगळ्यात दगा देते ती पातळ आमटीत पोहणारी भाताची शितं, कारण घन वेगळं पळतं आणि पातळ वेगळं. एक तर भात कालवून घट्ट कर, नाहीतर नुसती आमटी पी. निव्वळ पाणी घशात चुकतं तेव्हा पेज किंवा दाट ताक चालतं. गिळताना हनुवटी छातीकडं झुकव, तोंड वर करून तांब्याचं पाणी ओतायची आपल्याकडची पद्धत सोड. घास तोंडात असताना कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. असभ्य म्हणाले तर म्हणू देत.

कणीक यंत्रात मळ किंवा नवऱ्याला मळू दे. भाजी खाली बसून चीर, पोळ्या उंच स्टुलावर बसून कर, कोपर ओट्याला टेकव. कपड्यांची दोरी छातीच्या उंचीला उतरव. मी केस १९९७ सालीच कापले, वेणी घालायला हात वर धरवत नव्हते म्हणून. तुझे लांब आहेत. घाई करू नकोस, पण न्हाऊन विंचरायला सासूबाईंना सांग. त्यांना आवडेल, त्यांना मुलगी नाही.

एकाचे दोन दिसायला लागले की एक डोळा मीट, दोन्हीचं एक होतं. घरातल्या चष्म्याच्या एका काचेला मी धुरकट चिकटपट्टी लावून ठेवलीय. अशा दिवशी स्कूटी नाही, जिन्याला हात धरल्याशिवाय पाऊल नाही. मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायचंच नाही. उन्हानं आपली पापणी आधी पडते. कढत पाण्यानं आंघोळ नको, कोमट. पाळीच्या आधीचे चार दिवस कमी कामाचे धर, त्या दिवसांत पुष्कळ जणींचं वाढतं.

स्टिरॉइड सुरू केलंय म्हणालीस. पहिल्या पंधरवड्यात उलट जास्त अशक्त वाटू शकतं. त्याला भिऊन बंद करायचं नाही, पण डॉक्टरांना कळवायचं. सकाळी नाश्त्यावर घ्यायचं, एकदम कधीच तोडायचं नाही. चेहरा पुरीसारखा फुगतो, भूक लागते, साखर चढते, हाडं झिजतात. पापड-लोणचं कमी कर, कॅल्शियम विचारून घे. दुसरी गोळी, अ‍ॅझाथायोप्रिन, फार मंद. गुण यायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि रक्त तपासत राहावं लागतं. छातीचा स्कॅन सांगितलाय तो टाळू नकोस. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, शंभरातल्या दहा-पंधरा जणांना तिथं गाठ निघते. गाठ नसली तरी काही जणांची ग्रंथी काढतात. २०१६ साली छापून आलेल्या मोठ्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला. माझी काढली. टाके महिनाभरात विसरले, फरक कळायला दीड वर्ष गेलं.

काढे घेऊन येणाऱ्या बायका येतील. "प्रतिकारशक्ती वाढवते" असं ज्यावर लिहिलंय ते नम्रपणे परत दे. आपली प्रतिकारशक्ती कमी नाही गं, ती आगाऊ आहे, घरच्यांवरच भुंकते. तिला आणखी खाऊ घालायचं नाही.

मुलाबाळाचं तू विचारलं नाहीस, पण डोळ्यात दिसलं. होतं. फक्त ठरवायच्या वर्षभर आधी डॉक्टरांना सांग, कारण यातली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, ती आधी बदलावी लागतात. आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यात. काही बाळं पहिले काही आठवडे जरा ढिली असतात, आईकडून आलेली ती प्रथिनं ओसरली की ठीक होतात. बाळाच्या डॉक्टरांना हे आधीच माहीत हवं.

राहिल्या सासूबाई. त्यांना शब्दांनी पटणार नाही, मलाही माझ्या सासूला पटवता आलं नव्हतं. रविवारी संध्याकाळी सहाला मी तुमच्याकडं येते. त्यांच्यासमोर खुर्चीत बसून छताकडं बघत राहणार आहे. पापणी किती आकड्यांत खाली येते ते त्यांनीच मोठ्यानं मोजायचं. मग रुमालात बर्फ गुंडाळून दोन मिनिटं मिटल्या डोळ्यावर धरायचा, आणि रुमाल काढला की पापणी वर गेलेली त्यांनीच बघायची. थंडीनं निरोप्याला जरा सवड मिळते. फ्रीजरमध्ये बर्फ लावून ठेव. मागच्या वेळी तुमचा ट्रे रिकामाच होता.