खिशातला चाकू निवडताना : पात्याचा उतार आणि पोलाद



"बाई, ह्यो चाकू स्टीलचो, मग ह्येका गंज कसो इलो?" चौथीतल्या एका मुलाने मागच्या वर्षी मला हा प्रश्न विचारला. वडिलांचा मिटायचा चाकू त्याने दप्तरातून आणला होता. चाकू मी आधी काढून घेतला आणि संध्याकाळी पालकांच्या हाती दिला. पण प्रश्न चांगला होता. त्यावरून मी जो पाठ घेतला, तो इथे मांडते.

हा विषय मला जवळचा का, तेही सांगते. माझे बाबा होडीवर जातात. मी डी.एड. करत होते तेव्हाची गोष्ट. नांगर टाकताना त्यांचा पाय दोरीच्या वेढ्यात अडकला. खिशात नवा चकचकीत चाकू होता, पण पावसाळाभर पेटीत पडून त्याच्या बिजागरीत गंज धरला होता. "चाकू उघडलोच नाय!" बाबा आजही सांगतात. सोबतच्या काकांनी कोयतीने दोरी तोडली म्हणून पाय वाचला. घोट्यावरचा वण अजून आहे. तेव्हा चाकूची निवड हा आपल्याकडे नुसता हौसेचा विषय नाही.

१) चाकू म्हणजे पाचर

सहावीच्या विज्ञानात साधी यंत्रे येतात. त्यातली पाचर म्हणजेच चाकूचे पाते. मुलांना दोन लाकडी पाचरी द्या, एक बारीक आणि एक जाड. दोन्ही ओल्या मातीच्या गोळ्यात दाबायला सांगा. बारीक पाचर सहज आत जाते, जाड पाचर जोर मागते पण मातीला दोन्हीकडे ढकलून फोडते. आता विचारा, मासे कापायची सुरी पातळ का आणि नारळ सोलायची कोयती जाड का? उत्तर मुलेच देतात.

पात्याच्या कण्यापासून धारेपर्यंत जो उतार घासलेला असतो, त्याला ग्राइंड म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार तीन.

सपाट उतार : कण्यापासून धारेपर्यंत सरळ निमुळते पाते. फळे, भाजी, मासे, दोरी अशा सगळ्या कामांना चालते. पहिला चाकू घ्यायचा तर हाच घ्यावा.

खोलगट उतार : दोन्ही बाजू आतून कोरल्यासारख्या. धार वस्तऱ्यासारखी पातळ येते, जाळ्याचा धागा झटकन कापते. पण हाडावर किंवा करवंटीवर चालवली की धारेचा तुकडा उडतो.

फुगीर उतार : बाजू बाहेरून किंचित गोलसर. आपल्या कोयत्यांची धार बहुतेक अशीच असते. घाव सोसते, पण बारीक कापणीला जड जाते.

ओल्या नायलॉन दोरीवर साधी धार कधी कधी घसरते. तिथे दातेरी धार चांगली धरते. मात्र ती घरच्या सपाट दगडावर नीट लावता येत नाही.

२) पोलाद कोणते?

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होते. कार्बन वाढला की पाते जास्त कडक करता येते आणि धार जास्त टिकते, पण ठिसूळपणाही वाढतो. आपल्याकडचे लोहार ट्रकचे जुने कमानपाटे घेऊन कोयत्या घडवतात. त्या पाट्यांत साधारण ०.६ टक्के कार्बन असतो. तापवून लाल झालेले पाते लोहार पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणे' म्हणतो. त्याने पाते कडक होते, पण काचेसारखे फुटू शकते. म्हणून ते पुन्हा मंद तापवून थोडे नरम करतात.

स्टेनलेस पोलादात निदान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवेशी संयोग होऊन त्याचा पातळ थर तयार होतो आणि तो आतले लोखंड झाकतो. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड हाच थर जागोजागी फोडते. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच. स्टेनलेस म्हणजे न गंजणारे नव्हे, कमी गंजणारे.

पात्यावर कोरलेले आकडे वाचायला शिकवा. '१०९५' म्हणजे साधे कार्बन पोलाद, कार्बन सुमारे ०.९५ टक्के. धार छान, पण आपल्या हवेत लवकर गंजते आणि कैरी कापली की काळे पडते. '४२०' म्हणजे कमी कार्बनचे स्टेनलेस. गंज कमी, धार लवकर जाते, पण लावायलाही सोपी. '४४० सी' मध्ये कार्बन सुमारे १ टक्का आणि क्रोमियम १६ ते १८ टक्के. धार बरीच टिकते, लावायला मात्र वेळ लागतो. समुद्रावर रोज जाणाऱ्याला माझ्या मते '४२०' बरे, कारण बोथट चाकूला पुन्हा धार लावता येते, गंजून न उघडणारा मात्र वेळेला दगा देतो.

३) वर्गातला प्रयोग

साहित्य : चार पेले, तीन लोखंडी खिळे, एक स्टीलचा चमचा, समुद्राचे पाणी, विहिरीचे पाणी, खोबरेल तेल.

एक खिळा विहिरीच्या पाण्यात, एक समुद्राच्या पाण्यात, एक खोबरेल चोपडून समुद्राच्या पाण्यात आणि चौथ्या पेल्यात समुद्राचे पाणी घालून चमचा ठेवा. पाच दिवस रोज नोंद करू द्या. चमचा जवळपास तसाच राहतो, तेल लावलेला खिळा उशिरा गंजतो. निष्कर्ष मुलांना लिहू द्या, आपण सांगू नका.

४) घेताना आणि वापरताना

• पाते उघडल्यावर पक्के अडकते का, ते पाहा. लॉक नसलेले पाते दाब पडताच बोटांवर मिटते. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूंवर १९५५ पासून यासाठीच फिरवायची कडी असते.
• ओल्या हाताने उघडून पाहा. मूठ घसरते का?
• खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, बिजागरीत तेलाचा थेंब सोडा. पावसाळ्यात पेटीत ठेवला तरी पंधरा दिवसांनी उघडून बघा.
• धार नीट ठेवा. बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो आणि हात घसरून तोच जास्त लागतो.
• मुलांनी चाकू शाळेत आणायचा नाही. घरीही मोठ्यांच्या देखत, बसून आणि अंगापासून बाहेरच्या दिशेने कापायचे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना आहे. त्यातला एक दिवस गावच्या लोहाराच्या भात्यापाशी घालवा. मी नेले तेव्हा पाणी देताना उठलेला तो 'चर्र' आवाज मुले आठवडाभर काढत होती.

आणि हो, त्या मुलाच्या वडिलांनी आता होडीत तेलाची छोटी बाटली ठेवली आहे. मुलगाच दर रविवारी चाकू उघडून बघतो.